सोलकढी पायावर

परग्रहावरचे पाहुणे नुसत्या शब्दांनी नव्हे, तर बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांनी मिळून अनुभवलेल्या प्रसंगांची नावं घेऊन बोलत. त्यांच्यात आणि आमच्यात असा एकही प्रसंग नव्हता, म्हणून संवाद अशक्य ठरवून ते आज परत निघणार होते.

निरोपाच्या जेवणात माझ्या हातून सोलकढी एका पाहुण्याच्या पायावर सांडली.

“झालं. आता युद्ध,” आमच्या पथकाच्या प्रमुख सुमेधाताई पुटपुटल्या.

पाहुण्याने आपली वाटी उचलली आणि शांतपणे माझ्या पायावर ओतली. त्याच्या कपाळावरचे दिवे लुकलुकले, हसला असावा.

निघताना त्यांचं यान आमच्या अँटेनाला धडकलं. तोच पाहुणा धावत खाली आला आणि ओशाळून म्हणाला, “सोलकढी पायावर.”

“दोघांच्याही पायांवर,” मी म्हणाले.

“काय म्हणतोय गं?” ताईंनी विचारलं.

“चुकलो म्हणतोय. मी म्हटलं, असू दे.”

पाहुण्याने यानातलं सामान पुन्हा उतरवायला घेतलं.