चौकट

तळ्यावरच्या पक्ष्यांसाठी काठावरची वस्ती उठवली, तेव्हापासून सुतारकाका पाखरांवर डूख धरून होते. "आपल्याला हाकललं आणि घरं पाखरांना आंदण दिली!" असं रोज एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. नव्या घराचं पत्र्याचं दार वाऱ्यानं खडखडायचं, काकूंच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. उद्यापासून तळ्याकडे जायला बंदी, म्हणून काका आज टेम्पो घेऊन जुन्या घरी गेले. स्वतःच्या हातानं घडवलेलं सागवानी दार चौकटीसकट काढून आणायचं होतं.

संध्याकाळी टेम्पो रिकामाच परतला.

"वनखात्याच्या साहेबांनी अडवलं?" काकूंनी विचारलं.

"त्यांची काय बिशाद!"

"मग वाळवी लागली?"

"माझ्या दाराला?" काका पायरीवर टेकले. "अगं, बाळंतीण आहे घरात. चौकटीवर पाकोळीनं घरटं केलंय. पिल्लांचे अजून डोळेही उघडले नाहीत."

त्याच घरात वर्षानुवर्षं झाडू घेऊन पाकोळ्यांमागे धावलेल्या काकू त्यांच्या शेजारी टेकल्या. मागे पत्र्याचं दार खडखडलं.

"दाराला दगड लावून आलात ना?" त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं लागलं, तर आपल्याच घराबाहेर राहील बिचारी."