आठवडाभर आधीची संकष्टी

"अगं, संकष्टी पुढच्या गुरुवारी आहे!" शेजारच्या ढवळेकाकू म्हणाल्या, आणि कळ्या पाडतापाडता वृंदाच्या हातातला मोदक फाटला.

दिवसभर उपाशीपोटी ऑफिस करून ती आता मोदक वळत उभी होती. सकाळी घरातल्या टॅबवर स्वच्छ दिसलं होतं, आज संकष्टी. वार बरोबर होता, तारीख मात्र आठवडाभर पुढची. हे उद्योग कुणाचे, ते विचारायची गरजच नव्हती.

पिठाच्या हातांनीच ती सासऱ्यांच्या खोलीत शिरली. "बाबा, परत त्या गेमसाठी टॅबची तारीख पुढे केलीत ना? तुमच्या खोट्या शेतात खोटी वांगी लवकर लागावीत म्हणून मी इथे उपाशी मरू? कसली एवढी घाई असते हो तुम्हाला?"

"वांग्यांसाठी नाही गं," ते ओशाळून म्हणाले. "आठवडाभर मी फिरकलो नाही असं गेमला वाटलं, की त्यातली माणसं चौकशी करतात."

त्यांनी टॅब पुढे केला. फाटकाशी चित्रातली एक म्हातारी हात हलवत होती. खाली लिहिलं होतं, 'इतके दिवस होतात कुठे? तुमच्यावाचून करमत नव्हतं.'

वृंदाला आणखी बरंच बोलायचं होतं. पण सकाळपासून आपण यांच्याशी आत्ता पहिल्यांदाच बोलतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"बंद करा ते आधी," ती तरीही करवादलीच. "आणि चला स्वयंपाकघरात. एवढे मोदक काय ती बाई येऊन खाणार आहे?"