चार कपाळं

बबिताच्या अंथरुणात रुख्मिणीने दोन गोधड्या गुंडाळून ठेवल्या, वरून चादर ओढली आणि दाराशी जाऊन पाहिलं. कुणीतरी कुशीवर निजलंय असं वाटत होतं. तेवढं पुरेसं होतं.

बबिता दुपारीच गेली होती. ताडकळसचा बाजार असला की मठात दर्शनाला बायांची झुंबड उडते. त्या गर्दीत, रुख्मिणीचं जुनं हिरवं लुगडं नेसून, पदर पुढे ओढून ती फाटकाबाहेर पडली. फाटकावर राखणीला बसलेल्या परमेश्वरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता ती पिंगळीच्या स्टेशनवर असणार. गाडी पावणेआठची. गाडीत बसली की सुटली.

वीस वर्षांची पोर. ‘ही घरात राहिली तर तुझा वंश बुडेल,’ अशी भाकणूक योगीराज महाराजांनी केली आणि तिच्या बापाने, अंगदने, आठवड्याच्या आत तिला मठात आणून सोडलं. परवा एकादशीला महाराज तिला माळ घालणार होते. माळ पडली की बाई महाराजांच्या घरची. मग तिला माहेर नाही आणि नकार तर नाहीच नाही. रुख्मिणीच्या गळ्यात माळ पडून अकरा वर्षं झाली होती. पोरीपुढे काय वाढून ठेवलंय हे तिला कुणी सांगायला नको होतं.

महाराजांचे डोळे साखरेच्या आजाराने गेले. भक्तांना सांगितलं गेलं की महाराजांनी दृष्टी आत वळवली. भक्तांनी तेही डोळे मिटून मानलं. त्यांचं काय जातंय! जे काही भोगायचं ते घरातल्या चार बायांनी.

डोळे गेल्यापासून दिवेलागणीची हजेरी सुरू झाली. बायांनी एकेक करून महाराजांच्या पायांवर कपाळ टेकायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही, मान वर करायची नाही. महाराज एकेक बोट मिटत मोजत, दूध पीत, आणि मग मोठ्याने आकडा सांगत. चार. तो ऐकून ओसरीवरचा परमेश्वर फाटकाला कुलूप लावी. आकडा चुकला की मोटारसायकलला किक मारी. दोन वर्षांपूर्वी अशीच माळ पडलेली मनिषा पळाली, तेव्हा त्याने तिला पिंगळीच्या फलाटावरून अर्ध्या तासात परत आणलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला मळ्यातल्या विहिरीतून काढलं. पाय घसरला म्हणाले.

मनिषा कुठल्या रस्त्याने गेली ते कस्तुराबाईनेच सांगितलं, अशी घरात खात्री होती. कस्तुराबाई महाराजांची पहिली बायको. तीस वर्षं त्याच घरात, कमरेला किल्ल्या, हसणं माहीत नाही.

आज तिने चार वाजताच विचारलं, “बबिता कुठंय गं?”

“पडलीय, आक्का. ताप आलाय.”

“लय हाय का?”

“हाय की. पर दिव्याच्या टायमाला उठंल ती.”

कस्तुराबाई खोलीत गेली. बाहेर येऊन कस्तुराबाईने दार हळूच ओढून घेतलं.

“पडू दे तिला. उठवू नको.”

“न्हाई उठवत, आक्का.”

“मनिषाच्या येळंला माझ्या हातून कसूर झाली,” कस्तुराबाई म्हणाली. “आता व्हनार न्हाई. मी बघते काय करायचं ते.”

रुख्मिणी स्वयंपाकघरात भाकरी थापत राहिली. चादरीखाली काय आहे ते म्हातारीने पाहिलं होतं, यात शंका नव्हती. मग ती अजून गप्प का? थेट महाराजांच्या कानावर घालणार, दुसरं काय. रुख्मिणीला तिचा इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली.

एकच आशा होती. हजेरीला कस्तुराबाई पहिली जाई आणि कपाळ टेकून दूध गरम करायला निघून जाई. ती परत येईपर्यंत काय करायचं ते करून घ्यायचं. शेवटी कपाळच ते. आंधळ्याला कुणाचं ते काय कळणार!

सव्वासातला समई लागली. महाराज आसनावर बसले, उजवा हात मांडीवर. कस्तुराबाईने कपाळ टेकलं. महाराजांनी तर्जनी मिटली. कस्तुराबाई मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली. ती महाराजांच्या कानाशी लागली नाही, याचंच रुख्मिणीला नवल वाटलं.

मग चौघींतली शिवकन्या गेली. तिला सगळं ठाऊक होतं. दुसरं बोट मिटलं.

मग रुख्मिणी. तिसरं बोट.

ती मागे सरकली, दहा अंक मोजले, श्वास रोखला आणि पुन्हा पुढे झाली. बबिता टेकते तसं, हलकं, घाईघाईने तिने कपाळ टेकलं. क्षणभर महाराजांचा पाय ताठ झाल्यासारखा वाटला. मग करंगळी मिटली.

चार. रुख्मिणी भिंतीशी येऊन बसली. शिवकन्येने पदराआडून तिचा हात घट्ट दाबला. रुख्मिणीला रडू आवरेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, या घरातून कुणीतरी जिवंत बाहेर पडलं. आता फक्त दूध प्यायचं आणि आकडा सांगायचा राहिला होता.

कस्तुराबाई पेला घेऊन आली. मान खाली, नजर जमिनीवर. तिने पेला चौरंगावर अलगद ठेवला आणि ती महाराजांकडे वाकली. आता कानात सांगणार. रुख्मिणीने अंग आक्रसून घेतलं. तिला उठून म्हातारीचं तोंड दाबावंसं वाटलं. पण कस्तुराबाई कानाशी थांबली नाही. ती आणखी खाली वाकली, किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या, गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर दुसऱ्यांदा कपाळ ठेवलं.

महाराजांनी अंगठाही मिटला.