खाणारा कुठला?

जहाजावरच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीची परीक्षा होती. घोन्साल्विस सरांनी आम्हा चौघांपुढे बीफच्या पाठीचे मोठाले तुकडे ठेवले. “सरलॉइन कापा.”

तिघांनी लगेच सुऱ्या चालवल्या. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

“कापता येत नाही?”

“खाटकाची पोर आहे मी, सर. पण खाणारा कुठला? इंग्रज असेल, तर बरगड्यांच्या लगेच मागचा भाग कापते. अमेरिकन असेल, तर त्याच्याही मागचा, कमरेकडचा. सरलॉइन दोघंही म्हणतात.”

सर तिघांकडे वळले. “हे तुम्ही का नाही विचारलंत? कापलेलं मांस आता परत जोडणार?”

मग स्वतःचा ॲप्रन सोडून त्यांनी माझ्यापुढे धरला. “पाहुणा अमेरिकन.”

“मग जरा सरका, सर,” म्हणत मी सुरी उचलली.