जागच्या जागी

कपाटाचे खालचे तीन कप्पे रिकामे होते.

ती परत दारापर्यंत गेली आणि पावलं मोजत पुन्हा आली. चौसष्ट. कोपरा तोच, खिडकी तीच, टेबलही तेच. फक्त शेवाळावरची त्रेचाळीस पुस्तकं तेवढी नव्हती. विद्यापीठाच्या त्या अवाढव्य ग्रंथालयात हा एवढाच कोपरा तिला आपला वाटायचा. तिचा सगळा प्रबंध त्या तीन कप्प्यांवर उभा होता, आणि ती पुस्तकं घरी न्यायलाही मिळत नसत.

विचारायचं म्हणजे काउंटरवर जायचं. तिथे रांग नसते, ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर पहिला. सगळ्यांना हे न सांगता कळतं, तिला दोन वर्षांत कळलेलं नव्हतं. ती एका बाजूला उभी राहिली. सात जण मागून आले आणि आपलं काम करून गेलेही. शेवटी काउंटरवरच्या काकांचंच तिच्याकडे लक्ष गेलं.

"काय गं?"

तिने आधी कार्ड पुढे केलं. 'मला ऑटिझम आहे. कृपया एका वेळी एकच गोष्ट, सरळ सांगा.' काकांना ते एव्हाना पाठ झालं होतं. ग्रंथालयातली माणसं तिच्या माघारी तिला शेवाळवाली म्हणत. त्यात कुजकेपणा नव्हता, ती दुसरं काही वाचतच नसे.

"माझी पुस्तकं कपाटात नाहीत."

"ती रद्दीत निघाली. मागच्या दाराशी ट्रॉलीवर आहेत. वर्षभरात कुणी हातसुद्धा लावला नाही त्यांना."

"मी लावला. रोज."

"तशी नोंद नाही."

तिला काहीच कळेना. हात लावला होता हे खरं, आणि नोंद नाही हेही काका खोटं सांगत नव्हते. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर आल्या की तिच्या डोक्यात गोंगाट सुरू व्हायचा. तिने कार्ड पुन्हा पुढे केलं.

काकांनी उसासा टाकला आणि एकेक करून सांगितलं. पोरं पुस्तकं वाचतात. वाचून टेबलावर टाकून जातात. साडेपाचला काका स्कॅनर घेऊन फिरतात. टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकावर तो टेकवतात. तो वाजला की नोंद होते. मग काका पुस्तक कपाटात ठेवतात.

तो आवाज तिला चांगला माहीत होता. कानात सुई टोचावी तसा तो टोचायचा, म्हणून साडेपाचला पाच मिनिटं असतानाच ती हेडफोन चढवायची. तो कशाचा आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मी पुस्तकं टेबलावर ठेवत नाही," ती म्हणाली. "पाटी आहे ना."

"कसली पाटी?"

ती त्यांना कोपऱ्यात घेऊन गेली. खिडकीशेजारी, पाइपच्या आडोशाला, पिवळी पडलेली पाटी लटकत होती. 'वाचून झालेली पुस्तके जागच्या जागी ठेवावीत.'

"अगं, ही माझ्याही आधीची. ही कोण वाचतं?"

"मी."

काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ज्यांनी पसारा केला त्यांची पुस्तकं राहिली, आणि तुझी चालली रद्दीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही." मग घड्याळ पाहून म्हणाले, "रद्दीवाला उद्या येतो. आज नोंद झाली तर यादीतून सुटतात. मी ट्रॉली आणतो, तू टेबलावर मांड, मी वाजवतो. झालं."

"पण आज मी ती वाचलेली नाहीत."

"कोण बघतंय?"

"मी."

काकांनी डोकं खाजवलं. रागवावं की हसावं हे त्यांनाही कळत नसावं. "बरं, एक पान वाच प्रत्येकातलं. तेवढं वाचलं तरी ते वाचलेलंच."

ते तिला पटलं. ट्रॉली आली. तिने एकेक पुस्तक उघडलं, एक पान नीट वाचलं, मिटलं आणि टेबलावर ठेवलं. पहिल्या दहाला काही वाटलं नाही. विसाव्याला ती परत कप्प्यात ठेवायला बोटं शिवशिवू लागली. त्रेचाळिसावं ठेवलं तेव्हा टेबल भरून गेलं होतं, समोर कप्पे रिकामे होते आणि बाजूला ती पाटी होती. तिला रडू यायला लागलं. पुस्तकं वाचवायची तर ती अशी बेघर सोडायची, हा कसला नियम?

"पाटी काढा ना, काका."

"ती काढायला वरिष्ठांची सही लागते."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरचं धूळ पुसायचं फडकं काढलं आणि पाटीवर टाकलं. फडक्याखाली काय लिहिलंय ते तिला माहीत होतंच. तरीपण जरा बरं वाटलं.

साडेपाचला पाच मिनिटं होती. सवयीने तिचा हात हेडफोनकडे गेला. मग तिने ते उचलून दप्तरात टाकले.

काकांनी पहिल्या पुस्तकावर स्कॅनर टेकवला. सुई थेट आत गेली.

"एक," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून दुसऱ्याची वाट पाहू लागली.