कोपऱ्यातले सहा तुकडे

"ह्या खेपेला मी परीक्षेला बसत नाही," सासूबाईंनी वही मिटली. चाळीस वर्षं शिवणयंत्रापुढं काढल्यावर त्यांना दहावी व्हायचं होतं, पण बीजगणितानं दोनदा लोळवलं होतं. सून गणिताची शिक्षिका. तरी गाडी अवयव पाडण्यापाशी अडली होती.

"आई, सोपं आहे. एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा. गुणाकार सहा आणि बेरीज पाच येईल असे दोन आकडे शोधायचे. दोन आणि तीन."

"पण का?"

सून गडबडली. अकरा वर्षं ती हेच शिकवत आली होती. "नियमच आहे तसा."

"एक्सचा वर्ग म्हणजे चौरसच ना? आणि पाच एक्स?"

"तेवढ्याच लांबीच्या पाच पट्ट्या म्हणा. रुंदी एक."

सासूबाईंनी कात्री उचलली. टेप न लावता कापडाचा एक चौरस कापला, त्याच्याच लांबीच्या बोटभर रुंद पाच पट्ट्या आणि बोटभराचे सहा चौकोनी तुकडे. सगळं फरशीवर मांडलं. चार पट्ट्या चौरसाच्या बाजूला, एक खाली. कोपऱ्याच्या मोकळ्या जागेत चारच तुकडे मावले, दोन हातात उरले. त्यांनी नाक मुरडलं. मग तीन पट्ट्या बाजूला, दोन खाली. कोपऱ्यात सहाच्या सहा तुकडे चपखल बसले. कुठं फट नाही की काही उरलं नाही.

"ही बाजू एक्स अधिक तीन," त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, "आणि ही एक्स अधिक दोन. असं आहे होय!"

सून खाली बसली. तिनं कात्री ओढून घेतली, आणखी मोठा चौरस कापला, लांब पट्ट्या कापल्या, मांडल्या. कोपरा तेवढाच. त्यात तेच सहा.

"आई, तुम्ही एक्स किती घेतला होता?"

"मी कुठं मोजला? कितीही घे ग. कोपऱ्याला त्याचं काय!"

सुनेनं लहान चौरस मोठ्यावर ठेवून पाहिला.

"आता उण्याचं एखादं घे," सासूबाई म्हणाल्या. "उणे पट्टी कशी कापायची, बघू तरी."

सुनेला ते ठाऊक नव्हतं. तिनं चिंध्यांची टोपली दोघींच्या मधे ओढली.