बोनेटवरचे कपडे

“इंजिनात जीव नाई राह्यला आता. भंगारात द्या,” बोरगाव मेघेचे मेस्त्री मुकेशभाऊ सकाळी म्हणाले आणि मला हायसं वाटलं. नानाजी, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून त्यांची जुनी पिकअप दुरुस्त करायची की काढून टाकायची, हाच घोळ घरात चालला होता. एकदाचा मिटला.

सेलूला घरी परतलो. पावसाची झड लागून आठ दिवस झाले होते. अशा झडीत नानाजी बाजारातून आले की आई ओले कपडे पिकअपच्या तापलेल्या बोनेटवर पसरायची.

आजही टिनाच्या शेडखाली तिनं माझे दोन शर्ट तिथंच टाकले होते.

“आई, इथं काऊन टाकले? इंजिन तं मेस्त्रीकडे पडलं आहे.”

“वाळून राह्यले ना,” म्हणत तिनं एक शर्ट माझ्या हातात दिला.

कोरडा होता. नुकती इस्त्री फिरवल्यासारखा गरम.

मी वाकून गाडीखालून पाहिलं. इंजिनाच्या जागी नुसती पोकळी होती.

तिथूनच मुकेशभाऊंना फोन लावला. “भंगारात नका देऊ. दुरुस्त करून इंजिन पुन्हा बांधा.” बोलून गेलो, आणि सकाळपेक्षाही मोकळं वाटलं.

“बरं केलं,” आई म्हणाली.

मी दुसरा शर्ट उचलला. त्याच्या बाजूला नानाजींचा खांद्यावरचा पांढरा दुपट्टा पसरलेला होता. पाणी निथळत होतं.

“हा नाई वाळला अजून.”

“राहू दे,” आई निवांत हसली. “तो मी नाई टाकला.”